कुंपण घातलं म्हणून लोक आले

मार्च 2020 च्या मध्यावर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात करोनाचा पहिला बळी गेला. ऐंशी ओलांडलेल्या एक बाई. थोड्याच दिवसांपूर्वी त्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या ब्रिजच्या, म्हणजे चौघांनी जोड्या करून खेळायच्या पत्त्यांच्या खेळाच्या, स्पर्धेत खेळून आल्या होत्या. ज्यांनी डुप्लिकेट ब्रिज, म्हणजे तेच वाटलेले पत्ते सगळ्या टेबलांवर फिरवून खेळायचा प्रकार, खेळलाय त्यांना हे कसं झालं असेल ते वेगळं सांगायला नको. हात पोचेल एवढ्या टेबलाभोवती चौघं बसतात. चार कप्प्यांचा बोर्ड या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, म्हणजे जो इस्पिकचा एक्का मी आत्ता टाकला तोच संध्याकाळभरात आणखी सात-आठ जणांच्या बोटांतून जाणार. दर दोन-तीन डावांनी निम्मे लोक उठून पुढच्या टेबलावर बसतात. आणि बसलेल्यांतले बहुतेक सत्तरीच्या अल्याडपल्याडचे.

तिकडची ब्रिजची मोठी संस्था म्हणजे अमेरिकन कॉन्ट्रॅक्ट ब्रिज लीग, थोडक्यात एसीबीएल. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा एवढा तिचा पसारा. कचेरी मिसिसिपीतल्या हॉर्न लेकला, सभासद त्या वेळी दीड लाखावर, संलग्न क्लब तीन हजारांच्या घरात. मार्चच्या उत्तरार्धात ओहायोतल्या कोलंबसला व्हायची तिची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली आणि पाठोपाठ क्लबांना कुलपं लागली. क्लब म्हणजे तरी काय? पुष्कळ ठिकाणी चर्चचं तळघर, ज्येष्ठ नागरिकांचं केंद्र, नाहीतर भाड्याचा हॉल, आणि तो चालवणारा एखादा डायरेक्टर. टेबल फी जमली तर भाडं निघणार. फी थांबली, भाडं काही थांबलं नाही.

त्यापुढच्या महिना-दोन महिन्यांत ज्यांनी कधी पडद्यावर पत्ता बघितला नव्हता असे हजारो म्हातारे ऑनलाइन ब्रिज खेळायला लागले. "घरात कोंडले होते, दुसरं करणार काय?" असं म्हणून हे प्रकरण उडवून लावता येईल. मला ते पटत नाही. कोंडलेल्या माणसाला टीव्ही होता, सॉलिटेअर होता, आणि ऑनलाइन ब्रिजही होताच.

दार तर आधीपासून उघडं होतं

इंटरनेटवर ब्रिज खेळायची पहिली सोय ओकेब्रिजने 1990 मध्ये केली. फ्रेड गिटलमन यांनी उभं केलेलं ब्रिज बेस ऑनलाइन, ज्याला जगभर बीबीओ म्हणतात, ते 2001 पासून आहे. तिथे साधा खेळ फुकट. रात्री तीन वाजता गेलात तरी टेबलं चालू. जगज्जेते खेळत असतील तर त्यांच्या मागे बसून चारही हात उघडे बघता येतात. बिल गेट्स आणि वॉरन बफे ऑनलाइन ब्रिज खेळतात हे वर्तमानपत्रांतून कितीदा तरी छापून आलंय. म्हणजे जाहिरातीत काही कमी नव्हतं, किमतीत तर नव्हतंच. तरी एकोणीस वर्षं क्लबातला सर्वसाधारण सभासद तिकडे फिरकला नव्हता.

का, ते मला चांगलं ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका साइटवर मी पहिल्यांदा बसलो. समोरचा भिडू कोण, कुठला, काही पत्ता नाही. नावाच्या जागी चार अक्षरं आणि तीन आकडे. पहिल्या डावात मी दोन बदाम बोललो, त्याने चॅटमध्ये तीन प्रश्नचिन्हं टाकली. दुसऱ्या डावात माझा एक हात कमी झाला आणि डाव संपायच्या आत खुर्ची रिकामी. मी चाळिशीतला माणूस, कॉम्प्युटरवर दिवस काढणारा, तरी कानशिलं गरम झाली. ज्या आजीबाई गेली तीस वर्षं दर मंगळवारी त्याच मैत्रिणीसमोर बसून खेळल्या, त्यांना हे कशाला हवंय? चुकलं तर मैत्रीण भुवई वर करते आणि चहाला जाताना विसरते.

ऑनलाइन ब्रिजची सोय ही अशी अनोळखी गर्दीत उभं राहायची सोय होती. व्हर्च्युअल क्लबांनी, म्हणजे बंद पडलेल्या क्लबांनी स्वतःच्या नावाने लावलेल्या ऑनलाइन खेळांनी, नेमकं हे बदललं.

यादी

एसीबीएलने आधी 'सपोर्ट युवर क्लब' नावाचे खेळ बीबीओवर लावले. फीमधला वाटा बंद पडलेल्या क्लबांना जाणार. ही मदत झाली, पण गर्दी अनोळखीच राहिली. मग क्लबांना बीबीओवर स्वतःच्या नावाने खेळ लावायची मुभा मिळाली आणि तिच्यासोबत एक अट आली: त्या खेळात फक्त क्लबाच्या यादीतली माणसं बसणार. सुरुवातीला यादीत कोण, तर जे अलीकडच्या काळात त्या क्लबात प्रत्यक्ष येऊन खेळले होते ते. बाकीच्यांना त्या खेळाचं दार बंद.

अटीमागचं कारण व्यवहारी होतं. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या क्लबाने देशभराची गिऱ्हाइकं ओढून घेतली तर छोट्या गावातला क्लब मरणार. पण परिणाम त्याहून मोठा झाला. मंगळवारी दुपारी एक वाजता लॉगिन केलं की समोरची नावं ओळखीची. डायरेक्टर तोच, जो एरवी हॉलच्या टोकाला उभा राहून "कोणाला भिडू हवाय?" असं विचारायचा. वेळ तीच, वार तोच. निकाल लागल्यावर शेजारच्या टेबलावरच्या जोडीने आपल्याला कसं हरवलं ते फोनवर बोलता येणार, कारण त्यांचा फोन नंबर आपल्याकडे आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. एसीबीएलचे मास्टर पॉइंट, म्हणजे खेळात चांगली कामगिरी केली की खात्यावर जमा होणारे गुण, रंगांचे असतात आणि 'लाइफ मास्टर' हा किताब मिळायला ठरावीक रंगाचे ठरावीक गुण लागतात. आधीच्या ऑनलाइन गुणांना रंगच नव्हता, क्लबातले गुण मात्र काळे. व्हर्च्युअल क्लबातले गुण काळे धरले गेले. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. मलाही थोडं वाटतं. पण वीस वर्षं एकेक गुण वहीत मांडणाऱ्या माणसाला त्यातून निरोप मिळाला की हा खेळ खराच आहे, पोराटोरांचा व्हिडिओ गेम नाही.

जे क्लब फार छोटे होते, ज्यांची स्वतःची टेबलं भरत नव्हती, त्यांनी दोन-चार जणांनी मिळून एकत्र खेळ लावले. म्हणजे कुंपण थोडं मोठं केलं. पाडलं नाही.

पहिला आठवडा, एका घरातला

आता जरा जवळून. नवरा-बायको दोघंही खेळणारे, एकमेकांचे भिडू. क्लबात समोरासमोर बसायचे. आता दोघांना दोन टॅब हवेत, आणि घरात एकच आहे. दुसरा मुलीकडून आला. दोघांची वेगवेगळी खाती, वेगवेगळी युजरनावं, आणि ती नावं क्लबाला कळवायची, नाहीतर यादीत येणार नाहीत. फी भरायची तर बीबीओचं स्वतःचं चलन, बीबी डॉलर. ते क्रेडिट कार्डावर आधी विकत घ्यायचे. एकाच्या खात्यातून दोघांची फी भरता येते, पण हे बटण कुठे आहे ते कोणीतरी सांगेपर्यंत कळत नाही. नोंदणी खेळ सुरू होण्याच्या दोन तास आधीपासून करता येते. एकाने भिडूचं नाव टाकून निमंत्रण पाठवायचं, दुसऱ्याने त्याच वेळी लॉगिन असायचं आणि ते स्वीकारायचं. तो स्वयंपाकघरात असेल तर निमंत्रण हवेत.

हे सगळं पार पडलं की खेळ सुरू. आणि तिथे उलटा धक्का बसतो. टेबलावर भिडूच्या बोलीला काही खास अर्थ असेल तर आपण 'अलर्ट' करतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना सावध करतो. ऑनलाइन ज्याची बोली त्यानेच अलर्ट करायची आणि अर्थ टाइप करायचा. तो प्रतिस्पर्ध्यांना दिसतो, भिडूला नाही. खरं तर ही पद्धत जास्त स्वच्छ आहे, पण चाळीस वर्षांची सवय दोन बोटांनी टाइप करत मोडायची म्हणजे काय ते करून बघावं. बोट घसरून तीन किलवरच्या जागी तीन चौकट जातं. 'बोली पक्की करायची का' असं विचारणारी सोय सेटिंगमध्ये असते, पण ती चालू करा हे कुणी सांगितलेलं नसतं. वायफाय गेलं की तुमची जागा लाल होते आणि तीन माणसं तुमची वाट बघत बसतात.

मग डायरेक्टरचा फोन वाजतो.

या सगळ्या प्रकरणात कोणत्या एका गोष्टीने माणसं टिकली असं मला विचाराल तर मी हा फोन म्हणेन. जे क्लब पहिल्या महिन्यात भरले ते सॉफ्टवेअरच्या गुणाने नव्हे, तिथे पाच-सहा सभासद आपापला फोन घेऊन बसले म्हणून. "तुमच्या पडद्यावर वर डावीकडे काय दिसतंय? तीन रेघा? त्यांना बोट लावा." हे वाक्य त्या वसंतात किती भाषांत किती वेळा बोललं गेलं असेल! कोणी झूमवर सरावाचे खेळ लावले, कोणी मोठ्या अक्षरातली चित्रं काढून ईमेल केली. बीबीओवर टीचिंग टेबल म्हणून सोय आहे, तिथे शिकवणारा हवे ते पत्ते वाटू शकतो. काही क्लबांनी खऱ्या खेळाआधी आठवडाभर नुसतं ते चालवलं.

आणि मशीनने एक मोठं ओझं उतरवलं, ते फारसं कोणी बोलत नाही. टेबलावर नवशिक्याला सगळ्यांत भीती कसली? रंग हातात असून दुसरं पान पडण्याची, पाळी नसताना उतारी करण्याची, आधीच्या बोलीहून खालची बोली बोलण्याची. मग डायरेक्टरला हाक, सगळं टेबल गप्प, नियमाचं पुस्तक उघडलं जाणार, दंड होणार. ऑनलाइन यातलं काहीच होऊ शकत नाही. चुकीचं पान उचललंच जात नाही. गुण आपोआप मांडले जातात. वाटायला नको, पिसायला नको, आणि संधिवाताने बोटं वाकलेल्या माणसाला तेरा पानं पंख्यासारखी धरायला नकोत.

कुंपणाची दुसरी बाजू

इथवर सगळं गोड आहे. पण 'अधिक लोक' असं आपण म्हणतो तेव्हा कुठले लोक? व्हर्च्युअल क्लबांनी जुन्या खेळाडूंना पडद्यावर आणलं. नव्यांना ब्रिजमध्ये आणलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कारण यादीच. पूर्वी क्लबात खेळलेले, असं म्हटलं की जो कधीच कुठे खेळला नाही तो आपोआप बाहेर. पुढे अट सैल झाली, पाहुण्यांना घेता येऊ लागलं, पण पाहुणा म्हणजे बहुधा दुसऱ्या क्लबातला मुरलेला भिडूच. लॉकडाउनमध्ये यूट्यूबवर बघून ब्रिजच्या प्रेमात पडलेली पोरगी कुठे जाणार? परत त्या चार अक्षरं-तीन आकडेवाल्या गर्दीत.

याला उतारा ज्यांनी काढला त्यांनी कुंपणाच्या आत आणखी एक छोटं कुंपण घातलं. एसीबीएलमध्ये गुणांच्या मर्यादेचे खेळ पूर्वीपासून असतात: शून्य ते वीस गुणवाल्यांचा, नव्व्याण्णवपर्यंतचा, तीनशेच्या आतला. हेच ऑनलाइन लावले. सगळेच कच्चे, त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. बीबीओवरच नवशिक्यांसाठी 'बिगिनर इंटरमीडिएट लाउंज' नावाचा क्लब होता, तिथे खेळापेक्षा शिकवणं जास्त. आणि ज्याला माणसासमोर बसायचीच लाज वाटते त्याला रोबॉट. बीबीओचा रोबॉट म्हणजे जिब, जो 1998 आणि 1999 मध्ये कॉम्प्युटर ब्रिजचा जगज्जेता होता. तो कधी कधी अशी बोली बोलतो की कपाळाला हात लावावा, पण चिडत नाही आणि उठून जात नाही. दिवसभरात केव्हाही आठ डाव त्याच्यासोबत खेळा आणि तेच डाव खेळलेल्या इतरांशी गुण ताडून बघा, अशी सोय आहे. माझ्या मते ही पायरी आहे, मुक्काम नाही. रोबॉटसोबत वर्षभर खेळून माणसासमोर बसायला आणखी घाबरणारे मी पाहिलेत.

ब्रिटनमधून दुसरा उतारा आला. 2020 च्या अखेरीअखेरीस रिअलब्रिज सुरू झालं: ब्राउजरमध्ये चालणारं, आणि टेबलावरच्या चौघांचे चेहरे नि आवाज असणारं. डाव संपला की "अगं, तुझ्याकडे राणी होती?" हे तोंडाने बोलता येतं. ब्रिजच्या क्लबात निम्मा वेळ हेच चालतं. इंग्लंडमधल्या कितीतरी क्लबांना ते भावलं. ज्याचा माइक चालत नाही अशा एका काकांपायी अख्खं टेबल दहा मिनिटं खोळंबतं हा त्याचा खर्च.

फसवणुकीचाही उल्लेख करायला हवा, कारण तिने माणसं घालवली. दुसऱ्या खात्याने प्रेक्षक म्हणून शिरून स्वतःच्याच टेबलावरचे चारही हात बघायचे, हा प्रकार 2020 मध्ये नामांकित खेळाडूंच्या बाबतीतही उघडकीस आला. क्लबांच्या खेळांत प्रेक्षकांना मज्जाव झाला. पण नवरा-बायको एकाच सोफ्यावर बसून खेळत असतील तर कोण बघणार? तिथे पुन्हा ओळखच कामाला येते. परक्या टेबलावर हरलो की संशय येतो. दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसाबद्दल सहसा येत नाही, आणि आला तर डायरेक्टर एक फोन करतो.

2021 पासून हॉल हळूहळू उघडले. काही क्लब उघडलेच नाहीत. काहींनी दोन दिवस हॉल, दोन दिवस पडदा अशी वाटणी केली, आणि हिवाळ्यात बर्फातून गाडी चालवणं नको झालेले, रात्री नीट न दिसणारे, मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेलेले सभासद पडद्यावरच राहिले.

आपल्याकडचा पत्ता

भारतात ब्रिजचं नाव घराघरांत गेलं ते 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत. ब्रिज पहिल्यांदाच तिथे होता. साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी जोडीचं सुवर्ण आणलं, शिवाय दोन कांस्य. आठवडाभर सगळ्यांनी कौतुक केलं. पण कौतुक करणाऱ्याला खेळायला बसवायला त्याच्या हातात आधीच असलेलं काहीतरी धरावं लागतं, आणि मराठी घरात ते आहे. तीनशे चार.

बत्तीस पानं, गुलाम तीस, नव्वी वीस, एक्का अकरा, दश्शी दहा, राजा तीन, राणी दोन; एका रंगाचे शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. समोरासमोर भिडू, बोली, हुकूम, रंग द्यायचं बंधन, हुकमाने मारणं. ज्याला हे येतं त्याला ब्रिजचा अर्धा खेळ येतो. त्याला फक्त सांगायचं की इथे गुलाम बिचारा एकच गुणाचा, राणी दोन, राजा तीन, एक्का चार, आणि बारा-एक गुण असतील तर तोंड उघडायचं. तरी आपल्याकडे शिकवणारे पहिल्याच दिवशी बोलीच्या पद्धतींचं इंग्रजी कोष्टक हातात देतात, हा माझा जुना राग आहे. युरोपात मिनीब्रिजने शिकवतात: बोलीच नाही, गुण मोजायचे, ज्या जोडीचे जास्त त्यांच्यातल्या वरचढ हाताने डमी, म्हणजे भिडूचे समोर उघडे मांडलेले पत्ते, बघून कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे हुकूम कोणता आणि हात किती करायचे ते, ठरवायचं आणि खेळायला लागायचं. तीनशे चारवाला दुसऱ्या डावात रमतो.

माझे काका ठाण्याला असतात, वय चौऱ्याहत्तर. त्यांना मी असंच बसवलं. फोन स्पीकरवर.

"काका, तुमची उतारी. पानावर बोट ठेवा."

"अरे, ठेवलं. गेलंच ते! मी नुसतं बघत होतो."

"असू दे. सेटिंगमध्ये जाऊन पान पक्कं करायची खूण चालू करू आपण."

"आणि हे डमी म्हणजे तुझी काकूच की रे. सगळं समोर मांडून गप्प बसलीय." मागून काकूंनी काहीतरी सुनावलं, ते इथे लिहीत नाही.

आमचं टेबल शनिवारी रात्री साडेनऊला लागतं. हीच वेळ का, तर आत्येभाऊ न्यू जर्सीत आहे आणि तिकडे उन्हाळ्यात तेव्हा दुपारचे बारा. तो, वहिनी, काका आणि मी. टेबलाला परवानगीची अट लावलेली, प्रेक्षक बंद. सहा-आठ डाव, तासाभरात संपतं, त्यातली वीस मिनिटं कोणाच्या गुडघ्याचं काय झालं यात जातात.

गेल्या महिन्यात काकांनी त्यांच्या मुलुंडच्या तीनशे चारच्या कंपूला सांगितलं. चौघं तयार आहेत. मी म्हटलं, या शनिवारी एकेक करून आमच्यात बसवतो, एक नवा आणि तीन जुने, लवकर शिकतील. काकांनी निरोप दिला: ते म्हणतात, आम्ही चौघं एकत्रच बसणार, आमचं टेबल वेगळं लाव, आणि तू फक्त फोनवर राहा. त्यातल्या एकाकडे टॅब नाही, नातवाचा मिळतो का ते बघतोय.